तंबाखूच्या पाकिटातला माणूस

फिल्म करायला आलेल्या श्रेयानं एकेक जुनं चित्रकार्ड टेबलावर मांडायला घेतलं, तसे जमालुद्दीन खुलले. बहारीनमधल्या कोकणी मंडळींच्या संस्थेचे ते वीस वर्षं अध्यक्ष. भाषणं सगळ्यांनी ऐकली होती. आता माहूज भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांचा लहानपणचा छंद टिपायचा होता.

"शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तंबाखूच्या पाकिटात ही निघायची. सगळे बेसबॉलवाले. अब्बा बोटीवर खलाशी, शेवटच्या सुट्टीत डबाभर घेऊन आले. आम्ही रत्नागिरीकडची पोरं, आम्हाला वाटायचं क्रिकेटच आहे, स्टंप तेवढे चोरीला गेलेत."

श्रेया हसली. "अंकल, नावं मी फोनवर शोधते. चेहरा दाखवला की लगेच सांगतो."

तीन कार्डं दाखवली, तीन नावं मिळाली. मग तिनं सहज फोन भिंतीकडे वळवला. तिथं सोनेरी चौकटीत, गोल टोपी घातलेले अब्बा होते.

"तो नको!" जमालुद्दीन जरा जोरातच म्हणाले.

"अय्या, अंकल! हापण बेसबॉलवालाच, असं फोन म्हणतोय. शिकागोचा. बघा ना, सेम मिशी. फक्त टोपी वेगळी."

टोपी रत्नागिरीच्या स्टुडिओवाल्यानं रंगवली होती. बोट बुडून अब्बा गेले तेव्हा जमाल जेमतेम सहा वर्षांचा, आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. पुढं एकोणीस वर्षांच्या जमालनं डब्यातला त्यातल्या त्यात आपल्यासारखा दिसणारा माणूस निवडला, मोठा करून घेतला आणि 'कंपनीकडून मिळाला' म्हणून अम्माच्या हातात ठेवला. त्रेचाळीस वर्षं अम्मा ती काच ओढणीनं पुसत आली होती.

त्यांनी चोरून दिवाणावर बसलेल्या अम्माकडे पाहिलं. तसबीहच्या मण्यांवरची तिची बोटं थांबली होती.

"काय म्हणते पोरगी?"

"काय नाय, अम्मा. मोबाइल चुकलाय."

"मोबाइल कशाला चुकेल? तो तुजा बाप नाय, ते मना पैल्याच दिवशी कळला."

श्रेयानं फोन हळूच पालथा ठेवला. भल्याभल्यांना स्टेजवर गप्प करणारे जमालुद्दीन अम्माकडे वळले.

"मग बोललीस का नाय?"

"केवढा खुशीत होतास! म्हटलं, पोराला बाप गावलाय, कशाला हिसकावू?"

ते दिवाणापाशी खाली बसले. साठी ओलांडलेल्या माणसानं आईला पहिल्यांदाच विचारलं, "अम्मा, मग अब्बा दिसायचे कसे? सांग ना."

अम्मानं डोळे मिटले. "कपाळ..." ती म्हणाली, आणि अडली. मग डोळे उघडून तिनं भिंतीकडे असं पाहिलं, जसं घरातल्या माणसाकडेच तक्रारीनं पाहावं.

"नाय सापडत रे. आता हाच येतो, सपनातपण," ती म्हणाली. "बोलतो मात्र आपलीच बोली."