जमिनीपर्यंत आरसा

अपघातानंतर जयमाला चाकांच्या खुर्चीतून घरी आली, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी मागच्या खोलीत तिच्या आजारपणाची सगळी सोय ठरवून टाकली होती.

"इथे माझी ड्रेसिंग रूम होणार आहे," जयमाला म्हणाली.

"अगं, आता नटूनथटून जायचंय कुठे तुला?"

"कुठेच नाही. तरी नटणार आहे."

नवरा दुसऱ्याच दिवशी सुताराला घेऊन आला. साड्यांचे कप्पे तिच्या हाताला येतील असे खाली बसले, भिंतीवर मंद पिवळे दिवे लागले. आरशापाशी मात्र सुतार अडखळला. "ताई, आरसा कमरेपर्यंतच ठेवू? खाली लाकूड लावतो, छान दिसेल." खुर्चीकडे बघायचं तो टाळत होता.

"जमिनीपर्यंत लावा. मी अख्खी दिसले पाहिजे."

आरसा लागला आणि त्यात ती खुर्चीसकट अख्खी दिसली. मान फिरवावीशी वाटली, पण तिने फिरवली नाही. अंजिरी साडीचा पदर सारखा करून ती कानात कुड्या घालू लागली.

तेवढ्यात दार ढकलून जाऊबाई आत आल्या. अपघातापासून सगळे असेच येत होते, तिचं अंग पुसणं चालू असलं तरी.

"जाऊबाई, बाहेर जा. दार वाजवून आत या."

जाऊबाई घुटमळल्या, मग गेल्या. बाहेरून टकटक झाली.

जयमालाने कुडीची फिरकी सावकाश घट्ट केली आणि मगच म्हणाली, "या."