पाल्याचा काटा

भावाकडे जेवताना जिभेवर दोन फाट्यांचा, केसासारखा बारीक काटा लागला आणि माझा हात ताटातच थांबला. असा काटा पाल्याचा.

पावसाळ्यात पाला मासा समुद्रातून खाडीत शिरतो आणि वर गोड्या पाण्यात अंडी घालायला चढतो. आमच्या खाडीतून तो जवळजवळ संपलाच होता. अंडी घालून तो परत फिरेपर्यंत कोणी जाळं लावायचं नाही, हे कोळीवाड्यात मीच लावून धरलं. सगळ्यांनी देवळात नारळावर हात ठेवून शब्द दिला आणि मी होडीतून खाडीवर पहारा सुरू केला. शेजारच्या बुधाजीने तो मोडला, तेव्हा त्याचं जाळं मी पंचांसमोर कोयत्याने कापलं. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. त्या पहाऱ्याची होडी वल्हवायचा तो हाच माझा भाऊ, हरेश्वर.

"कुठला रे हा?" मी विचारलं.

"आपल्याच खाडीतला, बाय. दुसऱ्या कोणाचं जाळं नाही, त्यामुळे मिळतोय भरपूर. तुझ्या पहाऱ्याची कृपा." त्याने हसत माझ्या ताटात पाल्याच्या अंड्यांची तळलेली गाभोळी वाढली. "तुला आवडते म्हणून अख्खी राखून ठेवली."

मी उठले आणि ते ताट तसंच घेऊन बुधाजीच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्याच्या बायकोने आधी गाभोळी पाहिली, मग माझा उष्टा हात.

"म्हणजे पहारा तुमच्या ताटासाठी होता," ती म्हणाली.