पहिला घास

मागचं दार कुलूपबंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नसे. दोन दारांमधल्या त्या अरुंद जागेत मुख्य ब्रदर रोज सकाळी क्षणभर थांबत, किल्ल्यांची साखळी कमरेला नीट अडकली आहे ना ते चाचपत आणि मगच वॉर्डात पाऊल टाकत. आधी दाढीची पाती मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची. मग प्रत्येकाच्या हातावर गोळी ठेवून ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. त्यानंतर न्याहारी. मनोरुग्णालयाच्या या वॉर्डात सगळी कोर्टाने पाठवलेली माणसं होती. आजाराच्या भरात बहुतेकांच्या हातून कुणाला तरी जबर इजा झाली होती. ब्रदरांनी त्यांच्यापैकी कुणावर आवाज चढवल्याचं मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी शिंपी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसला होता. बाहेर त्याचा तोच धंदा होता, म्हणून इथेही तेच नाव पडलं. एकेकाळी कानातल्या आवाजांचं ऐकून त्याने सख्ख्या भावावर कात्री चालवली होती. भाऊ वाचला, घर मात्र तुटलं. औषधं लागू पडून ते आवाज बंद झाले, त्यालाही आता वर्षं लोटली होती. त्याला आवारातल्या खुल्या वॉर्डात हलवायचं की नाही, हे समिती आज ठरवणार होती. तिथे शिवणयंत्र होतं. शिवाय तिथे लहान मुलांना भेटीला येता येत असे. बहिणीची मुलगी शाळेत जाऊ लागली होती, आणि मामाने तिला अजून फक्त फोटोत पाहिलं होतं.

ब्रदरांनी त्याच्यासाठी घरून इस्त्रीचा सदरा आणला. शिंप्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि शिवणाऱ्याने कॉलरीत चोरी केली आहे, असा निकाल दिला. ब्रदर हसले. इतका बरा झालेला माणूस आपण उभ्या नोकरीत पाहिला नाही, असं ते त्याला म्हणाले, आणि ते खरंच होतं.

सदरा बाजूला ठेवून शिंपी लापशीची वाटी घेऊन आजोबांच्या खाटेवर बसला. आजोबा वॉर्डातले सर्वांत वृद्ध. जेवणात विष असतं, अशी त्यांची खात्री होती. शिंप्याने पहिला घास स्वतः खाल्ला, तोंड उघडून दाखवलं, आणि मग आजोबांनी आ केला. किल्ल्या बाळगणाऱ्या माणसाच्या हातचं ते पाणीदेखील घेत नसत. एकदा ब्रदर किल्ल्या काढून, साधे कपडे घालून त्यांच्याजवळ जाऊन बसले होते. आजोबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, “किल्ल्या कुठे लपवल्यास रे?”

गेल्या हिवाळ्यात शिंपी तापाने पडला तेव्हा आजोबांनी अन्न सोडलं. शेवटी नाकातून नळी घालावी लागली. हातपाय चौघांनी धरले होते, डोकं ब्रदरांनी. आजोबा सारखे आईला हाक मारत होते.

दोघांना एकत्रच खुल्या वॉर्डात पाठवता येईल का, असं ब्रदरांनी मागच्या आठवड्यात वर विचारून पाहिलं होतं. आजोबांच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही, असं उत्तर मिळालं. आजोबांना भरवायला ब्रदरांनी दुसऱ्या रुग्णांच्या हातीही वाटी देऊन पाहिली होती. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

आजोबांचं तोंड पुसून शिंपी उठला, पण तिथून हलला नाही.

“ब्रदर, मी नाही जात. मी समितीला तसं सांगून टाकतो.”

“सांगून तर बघ. माझ्याशी गाठ आहे.”

“मग यांचं काय?”

“यांचं मी बघतो. उपाशी राहू देणार नाही, हा माझा शब्द. तू सदरा चढव.”

शिंप्याने सदरा घातला. ब्रदरांनी त्याची कॉलर सारखी केली.

समितीत तिघं होते. भावाबद्दल कुणी विचारायच्या आत शिंपी स्वतःच बोलला. काय केलं ते सांगितलं, औषध का सोडायचं नाही तेही सांगितलं. मग त्याला बाहेर बसायला सांगण्यात आलं; ब्रदर आत समितीपुढेच थांबले. काचेपलीकडच्या बाकावर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. ब्रदरांची नजर आपल्यावर आहे असं दिसताच तो ओळखीचं हसला.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. आम्हा तिघांनाही अडचण दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. “पण आम्ही त्याला तासभर पाहतो, ब्रदर. तुम्ही रोज पाहता. तुमचं मत सांगा, म्हणजे सही करते.”

“त्याला पुन्हा आवाज ऐकू यायला लागलेत, मॅडम,” ब्रदर नेहमीच्याच हळुवार स्वरात म्हणाले. “माझ्याजवळ बोलतो तो. तुमच्यापुढे कबूल करणार नाही.”