पाणक्याची चार पिंपं

डासबाईंनी चौथ्या पिंपात पळी बुडवली, पाणी पांढऱ्या ताटलीत ओतलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. ताटलीत अळ्या वळवळत होत्या. पंधरा-वीस तरी.

"काय निघालं बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं. मोतीबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे दुधाळ झाले होते. "गाळ असेल. नळाला हल्ली पाण्यापेक्षा गाळच फार येतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या अरुंद गॅलरीत ऊन नुसतं भाजून काढत होतं. डासबाई म्हणजे आरोग्य खात्याच्या कीटक निरीक्षक. पण वीस वर्षं लोकांच्या टाक्यांत आणि पिंपांत वाकून बघणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? म्हाताऱ्यालाही सगळे पाणक्याच म्हणत. उभा जन्म त्यानं वाळूतल्या वस्त्यांना गाढवांवरून पाणी पुरवलं होतं. आता त्या वाळूवर इमारती उठल्या, घरात नळ आला. पण नळाला पाणी यायचं चार दिवसांआड. गॅलरीतली चार पिंपं काठोकाठ भरल्याशिवाय पाणक्याला झोप लागत नसे. तीन पिंपांची झाकणं घट्ट होती. चौथ्याचं फुटलं होतं, म्हणून त्यावर त्यानं पोतं टाकलं होतं.

नऊ दिवसांपूर्वी म्हाताऱ्याची सात वर्षांची नात ठकी डेंगीनं गेली होती. म्हणूनच डासबाई आल्या होत्या.

सून दारात उभी होती. तिनं ताटलीकडे पाहिलं, मग डासबाईंकडे. विचारायचं काही उरलं नाही. ती जवळ आली आणि कानाशी पुटपुटली, "त्यांना नका सांगू. हाय खातील."

डासबाईंनी मान हलवली. "पाणी शिळं झालंय काका," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हे पिंप ओतून टाकू या."

"पाणी कधी शिळं होतं होय?" म्हातारा म्हणाला. त्यानं चाचपडत पिंपाच्या काठावर हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. "तहानेनं जीभ बाहेर आलेली माणसं पाहिलीत मी, बाई. आमची ठकी तापात सारखी पाणी पाणी करायची. ह्याच पिंपातलं गार पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं मी तिला. पोर गेली, पण तहानलेली नाही गेली. तेवढंच समाधान."

सुनेनं तोंडावर हात दाबून धरला आणि पाठ फिरवली.

आणखी एक लहानसं खोटं बोलून जिना उतरणं डासबाईंना अवघड नव्हतं. तशी खोटी त्या पूर्वी बोललेल्याही होत्या. पण आत खाटेवर सुनेचं पाच महिन्यांचं बाळ झोपलं होतं, आणि आज ओतलेलं पिंप पाणक्या परवा पुन्हा भरणार, त्यावर तेच पोतं टाकणार, हे त्यांना दिसत होतं.

"काका, जरा बसा," त्या म्हणाल्या. तो बसला नाही. "गाळ नाही तो. डासांच्या अळ्या आहेत. ठकीला चावला तो डास बहुतेक इथलाच."

म्हाताऱ्याचा हात पिंपाच्या काठावरून फिरत राहिला.

"डास काय वाळूत नव्हते?" मग तो म्हणाला. "पाणवठ्यावर संध्याकाळी ढगच्या ढग उठायचे. तुम्ही यायचात ना जाळी घेऊन. तेव्हा नाही कुणाची पोर गेली."

"होते ना. त्या एका पाणवठ्यावर अकरा जातींचे डास मिळालेत मला. कुणी पाखरांना चावायचा, कुणी तुमच्या गाढवांना. पाणवठा बुजवून ही कॉलनी झाली, तसे ते संपले. आता जिथं जाते तिथं हाच एक सापडतो, पांढऱ्या पट्ट्यांचा. हा दिवसाढवळ्या चावतो. ह्याला माणसाचं रक्त लागतं आणि माणसानं साठवलेलं पाणी."

"मी साठवलेलं."

"झाकण फुटलं होतं काका. सगळ्या इमारतीत हेच..."

"मी साठवलेलं," तो पुन्हा म्हणाला, आणि त्यानं पहिल्या पिंपाला खांदा लावला.

"अहो, ते चांगलं आहे!" डासबाई धावल्या. "तिन्ही चांगली आहेत! हे एकच ओतायचंय!"

पण पिंप आडवं झालं होतं. पाणी धबाधबा फरशीवर आलं आणि गॅलरीच्या पन्हळीतून खाली कोसळू लागलं. "बाबा, परवापर्यंत प्यायचं काय?" सून ओरडली. म्हाताऱ्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. दुसरं पिंप आडवं झालं. तिसरं झालं. उभ्या आयुष्यात ज्यानं ओंजळभर पाणी वाया जाऊ दिलं नव्हतं, तो घोटाभर पाण्यात धापा टाकत उभा होता, आणि त्याच्या अंगात कुठून एवढं बळ आलं होतं ते त्याचं त्याला माहीत. दोघी बायका मिळूनही त्याला आवरू शकल्या नाहीत. चौथ्या पिंपाला त्यानं खांदा लावला नाही, कपाळ लावलं. तेही गेलं.

मग तो भिंतीला टेकून खाली बसला, तसाच ओल्यात. सून त्याच्याशेजारी बसली.

खालून गलका ऐकू आला तेव्हा डासबाई कठड्याशी गेल्या. पन्हळीखाली माणसांची झुंबड उडाली होती. कुणी बादली, कुणी घमेलं, कुणी बाळाचा टब घेऊन धावत येत होतं. एकाचं भरलं की दुसरा त्याला ढकलून पुढं घुसत होता. भरलेली भांडी दोन्ही हातांनी सावरत बायका आपापल्या जिन्याकडे निघाल्या होत्या.

"भरू नका!" डासबाई वाकून ओरडल्या. "अहो, ओता ते! त्यात अळ्या आहेत!"

त्या गोंगाटात कुणाला काही कळलं नाही. खालच्या एका बाईनं तेवढं वर पाहिलं आणि हात उंचावून ओरडून सांगितलं,

"ताई, जरा दमानं सोडा! सांडतंय!"