पहिली बादली

मुक्ताने नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. म्हणजे आजही क्लोरीन होतं. टीव्हीवर दुसऱ्या शहरातल्या दूषित पाण्याची बातमी झळकल्यापासून टाकीवाले सढळ हाताने क्लोरीन घालत होते.

बाहेर गल्लीत चॅनलची गाडी उभी होती.

“बहुत बदबू आती है साहब,” शेजारचे भय्यासाहेब माइकमध्ये सांगत होते. “मुँह में नहीं ले सकते.” समोरच्या घरातल्या पल्लवीने पाण्याचा ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला होता. ग्लास स्वच्छ दिसत होता, म्हणून ती तो हलवत होती.

मुक्ता नळी हातात घेऊनच बाहेर आली.

“भय्यासाहेब, हा वास क्लोरीनचा आहे. पाणी आत्ता चांगलंय. गेल्या महिन्यात गटाराचा वास येत होता, तेव्हा खराब होतं. तुमच्या सूनबाईंना टायफॉइड झाला, आमच्या अर्णवला झाला. कंप्लेंट करू म्हणून मी तुमच्या दारात आले होते.”

“तेव्हा पहिली बादली ओतून देत होतो ना आपण. चालून जात होतं,” भय्यासाहेब म्हणाले. “आणि तेव्हा ऐकणार कोण होतं, ताई? आता सुनवाई होतेय, तर बोलून घ्या.”

वार्ताहराने माइक तिच्याकडे वळवला. “मैडम, आपको भी बदबू आ रही है?”

“क्लोरीन की आ रही है. आनी ही चाहिए. लाइन अभी भी फूटी हुई है, वो—”

“मतलब आ रही है,” तो म्हणाला आणि माइक पल्लवीकडे गेला.

संध्याकाळी सगळ्यांनी आपापले चेहरे टीव्हीवर पाहिले. मुक्ताचं एकच वाक्य होतं, तेही अर्धं. तिने टाकीवरच्या विष्णूला फोन लावला.

“विष्णू भैया, क्लोरीन बंद मत करना.”

“ऊपर से फोन आ गया, मैडम. बोले, बदबू की शिकायत नहीं आनी चाहिए.”

“और लाइन?”

“लाइन का तो किसी ने बोला ही नहीं.”

सकाळी तिने नळीत थेंब टाकले. पाण्याचा रंग बदलला नाही. तिने नळी उजेडात धरली, पुन्हा थेंब टाकले. मग तिच्या लक्षात आलं, अर्णव खेळायला गेलाय. अंगात अजून ताकद नव्हती, तरी आज हट्टाने गेला होता. घरातलं पाणी ती उकळत होती. पण तो खेळता खेळता कुणाच्याही घरी पाणी प्यायचा.

ती फाटकापर्यंत धावली.

“मुक्ताताई, बघितलंत?” ओट्यावरून भय्यासाहेबांनी हाक मारली. “याला म्हणतात टीव्ही! आज वासाचं नाव नाही. पहिली बादलीसुद्धा ओतली नाही आम्ही.”

त्यांच्या मागे, बॅट काखेत धरून, अर्णव ग्लास रिकामा करत होता.