सासूबाईंचं वजन

वाळूची चौथी गोणी मागच्या सीटवर चढवली, तरी गाडीनं उड्या मारायच्या त्या मारल्याच. वेंडेलनं पेडल दाबलं मात्र, मागची चाकं रस्ता धरत, सोडत, पुन्हा धरत धाडधाड आपटायला लागली. गाडीचा मागचा भाग खवळलेल्या एडक्यासारखा वरखाली झाला. त्यानं घाईघाईनं पाय काढला. शेजारच्या पट्टीवरून एक जुनाट पिकअप आरामात पुढे निघून गेली.

सराव संपायला अर्धा तास उरला होता. मग दोन-दोन गाड्यांची शर्यत, आणि पहिलीच जोडी बक टिलरीबरोबर. ओहायोतल्या मक्याच्या शेतांमधल्या त्या पाव मैलाच्या पट्टीवर बकनं त्याला सलग तीन उन्हाळे धूळ चारली होती. पण वेंडेलला खरी धास्ती बकची नव्हती. या उड्यांपायी आजवर मागच्या चाकांचे दोन एक्सल मोडले होते, आणि त्याच्या बायकोनं, कॉनीनं, निर्वाणीचं बजावलं होतं: तिसरा मोडला की गाडी विकायची. वर साक्षीदार म्हणून तिनं आपल्या आईला पाठवलं होतं.

सासूबाई, म्हणजे ॲग्नेस, कुंपणाशी घडीची खुर्ची टाकून शेंगा फोडत बसल्या होत्या. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. अंगानं भारदस्त, नजरेनं त्याहून.

गोम अशी, की मागच्या रविवारी त्या हौसेनं मागच्या सीटवर बसल्या होत्या. सरावाला कुणी सोबत बसलेलं चालायचं. आणि त्या दिवशी गाडी एकदाही उडाली नव्हती. वेंडेलनं त्यांच्या मानेला हिसका बसू नये म्हणून पाय जरा बेतानं ठेवला, एवढंच. बाकी गाडी अशी सुटली, की सीटवर उभी ठेवलेली टाचणीसुद्धा पडली नसती. वेंडेलनं तिथल्या तिथे निदान केलं. मागे वजन हवं.

किती, हाच पेच होता. सासूला तिचं वजन विचारणार कोण? त्यानं सोमवारी न्हाणीघरातला वजनकाटा मुद्दाम दाराच्या उंबऱ्याशी मांडून ठेवला. सासूबाई स्कर्ट सावरून तो ओलांडून गेल्या. मग त्यानं अंदाजानं गोण्या भरल्या. दोन, तीन, आज चार.

शेवटी तो मनाचा हिय्या करून कुंपणापाशी गेला.

"आई, एक विचारू? रागावू नका हं."

"विचार की."

"तुमचं, म्हणजे अगदी साधारण... दोनशेच्या आत की बाहेर?"

शेंग फोडणारा हात थांबला. "दोनशे काय?"

"पौंड."

पलीकडे बॉनेटमध्ये डोकं खुपसून काम करणारा बक एवढ्या जोरात हसला, की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

सासूबाई उठल्या. स्कर्टवरची टरफलं झटकली. "गोण्या काढ खाली. सगळ्या."

"अहो, पण..."

"काढ म्हटलं ना!"

त्या आपल्या गाडीकडे गेल्या आणि एक भलं मोठं पातेलं दोन्ही हातांनी कवेत धरून, धापा टाकत घेऊन आल्या. झाकणावरून टॉवेल घालून गच्च गाठ मारलेली. वेंडेल मदतीला धावला, तर त्यांनी कोपरानं त्याला बाजूला सारलं आणि पातेलं स्वतःच मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला.

"कोंबडीच्या रश्श्यातल्या शेवया आहेत. संध्याकाळी चर्चमध्ये पास्टरच्या निरोपाचं जेवण आहे ना, त्याच्या. माझ्या गाडीत ऊन येतंय."

"आई, माझी शर्यत आहे!"

"मग पळव की. मी कुठं अडवलंय?"

"आणि सांडलं तर?"

"सांडलं तर साठ माणसांपुढे उभं राहून जेवायला काय आहे, ते तू सांगायचं. आणि त्या नव्या सीटमध्ये रस्सा मुरला, तर वास नाताळपर्यंत जायचा नाही. ते तुझं तू बघ."

एवढ्यात शर्यतीच्या गाड्या तपासणारा क्लिंट आला. पातेलं बघून त्यानं तोंड उघडलं.

"क्लिंट," सासूबाई म्हणाल्या, "तुला आठ वर्षं शाळेत कोण नेत होतं?"

"तुम्हीच, बाई."

"मग दार लाव ते."

क्लिंटनं दार लावलं.

सुरुवातीच्या रेघेपाशी पिवळे दिवे एकामागून एक पेटले. हिरवा लागला. बकची गाडी गर्जत सुटली. वेंडेलचे डोळे समोर होते, कान मात्र दोन्ही मागे. त्यानं पाय पेडलवर असा टेकवला, जसा कुणी निजलेल्या बाळाच्या पाठीवर हात टेकवावा. मग थोडा आणखी. मग आणखी. चाकांनी रस्ता धरला तो धरलाच. ना धडधड, ना हिसका. अर्ध्या वाटेत बकचा आरसा दिसला. मग बकची मिशी दिसली. आणि शेवटची रेघ वेंडेलनं हातभर आधी ओलांडली.

परत येताना तो खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "आई! पाहिलंत? एक्सल शाबूत! एक थेंब सांडला नाही!" सासूबाई कुंपणाशी उभ्या होत्या. गाडी थांबताच त्यानं उडी मारली, मागचा पट्टा सोडला आणि जड पातेलं उचलायचं म्हणून कंबर कसून दोन्ही हातांनी ओढलं. पातेलं असं अलगद वर आलं, की वेंडेल तोल जाऊन गवतात मागे बसला. टॉवेलची गाठ सुटली, झाकण निसटलं. आत एक शेवई नव्हती.

सासूबाईंनी वाकून त्याच्या मांडीवरचं पातेलं सरळ केलं.

"वजनच शोधत होतास ना? घे. मोज आता."