तिसरी सही

बाळाला सरकारी नंबर जन्मतःच मिळाला होता, नाव मात्र अजून नव्हतं. त्याचे आईवडील, त्रीनू आणि ऊर्मास, आज स्वयंपाकघरात ते ऑनलाइन नोंदवायला बसले होते. तालिन शहरात अशा कामासाठी कुणी कचेरीत जात नाही.

"केर्तू," त्रीनू म्हणाली. "आता मागे फिरायचं नाही."

"केर्तू तर केर्तू. तुझ्यापुढे माझं कधी चाललंय?"

दोघांनी आपापल्या फोनवर सहीचा पिन दाबला. ऊर्मासने सवयीने आधी लॉगिनचा दुसराच पिन दाबला, आणि त्याची आई हेल्वे पोट धरून हसली.

लॅपटॉपवर उमटलं : दोन सह्या मिळाल्या. तिसऱ्या व्यक्तीची हरकत आहे.

"माझ्याकडे बघू नका," हेल्वे म्हणाली. "मला विचारलंय कुणी?"

त्रीनूने त्याखालचा सरकारी नंबर वाचला. तो बाळाचा होता. बाळ पाळण्यात मुठी आवळून झोपलं होतं.

"बाईसाहेब तुझ्यावर गेल्यात," म्हणत ऊर्मासने हसत हसत नाव पुसलं.

रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर आपोआप उमटू लागलं. हेल्मी. त्या घरात हे नाव कुणी कधी घेतलं नव्हतं, तरी तिघांनाही ते एकदम आवडलं.

तिसरी सही मिळाली. ओळख पटली.

त्रीनू आनंदाने पाळण्यावर वाकली आणि हळूच म्हणाली, "हेल्मी?"

बाळाने डोळे मिटलेलेच ठेवून, स्वच्छ आवाजात ओ दिली.